फवारलं की ८ दिवसात पांढरी माशी परत! जरबेऱ्याच्या खताचा हिशोब बघा आधी

मावळातून एका दादांनी विचारलंय, १० गुंठे पॉलीहाऊस, जरबेरा, पांढरी माशी काही केल्या हटत नाही, तीन औषधं बदलून झाली, आता कोणतं मारू? सोबत फोटो पण टाकलेत. फोटो बघितले, प्लॉट काळोखीवर आहे एकदम, म्हणजे गडद हिरवागार, पानं तळहातापेक्षा मोठी न लुसलुशीत, आणि फुलं मात्र कमी. दादा, प्लॉट माजलाय, नुसता पाल्यावर गेलाय. औषधाचं नंतर बोलू.

तुम्ही आठवड्याला १९:१९:१९ (हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) दोन किलो, कॅल्शियम नायट्रेट दोन किलो, १३:०:४५ दोन किलो आणि वर युरिया एक किलो सोडताय. आपल्याकडे नत्र म्हटलं की फक्त युरिया आठवतो, पण कॅल्शियम नायट्रेटमध्ये पण साडेपंधरा टक्के असतं. सगळं धरलं तर आठवड्याला १ किलो ४१० ग्रॅम नत्र होतंय, त्यातला तिसरा हिस्सा एकट्या युरियाचा! एवढं नत्र मिळालं की पानाच्या रसात अमिनो आम्ल वाढतात, माशी आणि मावा तोच रस पितात, मग अंडी जास्त, पिल्लं लवकर मोठी. म्हणजे वरून औषध मारायचं आणि खालून ड्रिपने त्यांनाच जेवण वाढायचं असं चाललंय.

शिवाय पानं एवढी दाट की स्प्रे खालच्या बाजूला पोचतच नाही, अंडी न पिल्लं तिथंच असतात, फक्त उडणारी माशी मरते.

आता युरिया बंद करा. एक आठवडा आड १३:०:४५ ऐवजी ०:०:५० सोडा, पालाश मिळेल, नत्र नाही. पण घाबरून सगळंच नत्र तोडू नका हं, दांडा आखूड पडेल न मार्केटला कोणी विचारणार नाही. जुनी पानं काढून पॉलीहाऊसच्या बाहेर नेऊन गाडा, बेडमध्ये टाकू नका. पिवळे चिकट सापळे लावा, निळे थ्रिप्ससाठी (फुलकिड्यांसाठी) असतात. फरक लगेच नाही दिसणार, अंड्यापासून माशी व्हायलाच साधारण ३ आठवडे लागतात, तोवर सापळ्यावरच्या माश्या मोजत रहा.

आणि कॅल्शियम नायट्रेट १९:१९:१९ सोबत एकाच टाकीत कालवू नका, साका बसतो, मग ड्रिपर चोक झाले म्हणून परत फोटो पाठवाल.