मुलांच्या खो-खो मॅचचे व्हिडिओ बाकीच्या पालकांना वाटायचेत, डीव्हीडी-आर घेऊ, डीव्हीडी प्लस-आर घेऊ (दोन्ही एकदाच लिहिता येणाऱ्या कोऱ्या डिस्क) की ब्लू-रे?

सरळ डीव्हीडी-आर घ्या, आणि फाइल नुसती कॉपी करू नका, डीव्हीडी-व्हिडिओ म्हणून बर्न करा. कारण एवढंच की आजी-आजोबांकडचा जुना प्लेअर मोबाइलमधली एमपी४ फाइल बऱ्याचदा ओळखतच नाही, डीव्हीडी-व्हिडिओ मात्र लावला की चालू, आणि प्लस-आर नव्या प्लेअरवर चालते पण जुन्यावर अडते, ब्लू-रे प्लेअर तर आपल्या सोलापुरात किती घरांत असणार. पार्क मैदानावरच्या पोरींच्या मॅचच्या डिस्क मीच करून वाटतो, त्यातनं कळलेलं सांगतो.

- ४.७ जीबीच्या डिस्कवर तासाभराचाच व्हिडिओ टाका. दोन तास बसतात, पण मग खो मिळाल्यावर पोरगी उठून पळते किंवा खांबाजवळ सूर मारते नेमकं तिथंच चित्राचे चौकोन चौकोन होतात, आणि बघायचं तर तेच असतं ना!
- बर्न करताना सेटिंग पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), ७२० बाय ५७६ ठेवा.
- शेवटी फायनलाइज कराच, म्हणजे डिस्क बंद करून दुसऱ्या प्लेअरवर चालेल अशी करा. माझ्या पहिल्या डिस्क त्याशिवाय दिल्या गेल्या, कुणाच्याच घरी लागल्या नाहीत, फार वाईट वाटलं.
- वर कागदी स्टिकर नको, डिस्कवर चालणाऱ्या मार्करनं नाव-तारीख लिहा.

फक्त एक, डीव्हीडीवर एचडी राहत नाही, त्यामुळे ज्यांच्या टीव्हीला यूएसबी आहे त्यांना मूळ एमपी४ पेनड्राइव्हवरच द्या, आणि पेनड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, डावाप्रमाणे तुकडे करा.