वाचकांचे प्रश्न : तेलविहिरीतील क्षार आणि ‘पर्यावरणस्नेही’ रसायने

प्रश्न : समुद्रातील तेलविहिरींच्या नळ्यांत क्षार साचू नयेत म्हणून जी रसायने सोडतात, त्यांपैकी काहींना हल्ली ‘पर्यावरणस्नेही’ म्हटले जाते. हे विशेषण कोणत्या कसोटीवर दिले जाते? आणि जुनी रसायने सरसकट का बदलली जात नाहीत?
— एक वाचक, उरण

उत्तर : विहिरीत साचणारे क्षार मुख्यतः दोन प्रकारचे असतात. तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्याचा दाब उतरला की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि गिझरच्या कॉइलवर चढतो तसा कॅल्शियम कार्बोनेटचा थर नळीत बसतो. तो आम्लाने तरी विरघळवता येतो. बेरियम सल्फेटचे तसे नाही. तेलसाठ्याचा दाब टिकवण्यासाठी समुद्राचे पाणी खडकात सोडतात, त्यातील सल्फेट आणि खडकातल्या पाण्यातील बेरियम एकत्र आले की हा क्षार तयार होतो, आणि त्यावर आम्लाची मात्रा चालत नाही. उत्तर समुद्रातील अनेक विहिरींना त्याने बेजार केले आहे. मुंबई हायचा तेलसाठाही प्रामुख्याने चुनखडीच्या खडकात आहे आणि तेथेही समुद्राचे पाणी आत सोडले जाते, त्यामुळे हा विषय आपल्या किनाऱ्यालाही परका नाही.

क्षार साचण्याआधीच रोखणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते. त्यासाठी लागणारे रसायन फार थोडे असते, बहुधा दशलक्ष भागांत काही भाग. ते नुकत्याच तयार होऊ लागलेल्या स्फटिकांच्या पृष्ठभागाला चिकटते आणि त्यांची वाढ खुंटवते. अनेकदा ते दाबाने खडकातच भरतात, विहीर काही तास बंद ठेवतात आणि मग उत्पादन सुरू झाल्यावर खडकाला धरून बसलेले रसायन महिनोन्महिने थोडे थोडे सुटत राहते. फॉस्फोनेट आणि पॉलिअ‍ॅक्रिलेट ही या कामातली जुनी, भरवशाची रसायने. ती जलचरांना लगेच मारक ठरतात असे सहसा नाही. पण त्यांतील बरीचशी समुद्रात अतिशय सावकाश विघटित होतात, आणि माझ्या मते खरा आक्षेप हाच आहे.

ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणासाठी १९९२ मध्ये झालेल्या ऑस्पार करारानुसार रसायनाच्या तीन गोष्टी पाहिल्या जातात : विघटन, सजीवांच्या शरीरात साचण्याची प्रवृत्ती आणि विषारीपणा. समुद्राच्या पाण्यातील २८ दिवसांच्या चाचणीत विघटन २० टक्क्यांहून कमी झाले, तर त्या रसायनाला पर्याय शोधण्याची अपेक्षा असते. ६० टक्क्यांच्या पुढे गेले, तर ते सहज विघटनशील मानतात. विषारीपणासाठी सूक्ष्म शैवाल, कोपेपॉड नावाचे इवलेसे कवचधारी जीव आणि मासे वापरतात. पर्यायांमध्ये अ‍ॅस्पार्टिक आम्ल या अमिनो आम्लापासून बनणारे पॉलिअ‍ॅस्पार्टेट आणि चिकोरीच्या मुळातील इन्युलिनपासून केलेले कार्बोक्सिमिथाइल इन्युलिन ही दोन नावे महत्त्वाची आहेत. पॉलिअ‍ॅस्पार्टेटच्या स्वच्छ निर्मितीपद्धतीला १९९६ मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

आता दुसरा प्रश्न. जे रसायन समुद्रातल्या जिवाणूंनी चटकन फोडावे, तेच आधी खडकाच्या पोटातल्या उष्णतेत महिनोन्महिने शाबूत राहावे, अशी ही परस्परविरोधी मागणी आहे. पॉलिअ‍ॅस्पार्टेटची साखळी अतिउष्ण विहिरीत तुटू लागते, आणि बेरियम फार असेल तिथे अनेक हरित रसायने फॉस्फोनेटच्या तुलनेत उणी पडतात किंवा जास्त मात्रेत लागतात. जास्त मात्रा म्हणजे समुद्रात जाणारे रसायनही जास्त. त्यामुळे प्रत्येक विहिरीचे तापमान आणि पाण्यातील क्षार तपासूनच निवड करावी लागते.