ती नेमकी कुठल्या सीटवर बसली होती?

प्रिय विद्यार्थिनी,

तुझा मसुदा काल रात्री वाचून काढला. भाषा ओघवती आहे, पण माझी पेन्सिल पहिल्याच परिच्छेदात अडली. ‘शिवणकाम करून दमलेली एक साधी बाई बसमध्ये बसली, तिनं उठायला नकार दिला आणि अमेरिकेत नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली.’ याला तळटीप नाही. नसणारच, ही गोष्ट कुठून घ्यावी लागत नाही, ती आपल्याला आधीपासून माहीत असते. अशा आधीपासून माहीत असलेल्या गोष्टींनीच मला सगळ्यात जास्त वेळा तोंडघशी पाडलंय.

या विषयावरच्या माझ्या पहिल्या लेखासोबत मी त्या बाईंचा, म्हणजे रोझा पार्क्स यांचा, तो प्रसिद्ध फोटो दिला होता. त्या बसच्या खिडकीतून बाहेर बघतायत आणि मागच्या सीटवर एक गोरा माणूस बसलाय. खाली ओळ टाकली, ‘मॉन्टगोमेरी, १ डिसेंबर १९५५’, म्हणजे अलाबामा राज्यातल्या त्या शहरात सीटवरून उठायला नकार दिला म्हणून त्यांना अटक झाली तो दिवस. वर ‘मागच्या माणसाच्या चेहऱ्यावरचा तिरस्कार बघा’ असंही ठोकून दिलं. लेख आल्यावर एका जाणकार वाचकाचं चार ओळींचं पत्र आलं. फोटो २१ डिसेंबर १९५६ चा निघाला, म्हणजे अटकेनंतर वर्षभराने, बसमधली वेगळं बसायची सक्ती कोर्टाच्या निकालाने संपली तेव्हा वर्तमानपत्रांसाठी मुद्दाम काढलेला. आणि तो तिरस्कारवाला गृहस्थ? युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा बातमीदार. पोलिस बोटांचे ठसे घेतायत तो फोटो आणि ७०५३ क्रमांकाची पाटी असलेला फोटो, हे दोन्हीही त्या संध्याकाळचे नाहीत. ते फेब्रुवारी १९५६ चे, अटकेनंतर काळ्या समाजाने शहरातल्या बसवर जो बहिष्कार टाकला त्याच्या पुढाऱ्यांची सरसकट धरपकड झाली तेव्हाचे. तुझ्या मसुद्यात हा पाटीवाला फोटो आहे. बदल.

मग त्या संध्याकाळचं उरलंय काय? पोलिसांचा रिपोर्ट. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने तो स्कॅन करून ठेवलाय, घरबसल्या दिसतो. त्यात लिहिलंय की बसच्या ड्रायव्हरने तक्रार केली, एक काळी बाई गोऱ्यांच्या भागात बसली आहे आणि मागे जायला तयार नाही. आता हा रिपोर्ट पुढे ज्या खटल्यात जोडला गेला, त्याच्याच दप्तरात बसचा एक आराखडा आहे, कोण कुठे बसलं होतं ते दाखवणारा. तो शेजारी उघडून ठेव आणि सीट मोज. पुढच्या दहा सीट गोऱ्यांसाठी राखीव होत्या. पार्क्स त्यांच्या लगेच मागच्या ओळीत बसल्या होत्या, म्हणजे गोऱ्यांच्या भागात नव्हे. पुढच्या जागा भरल्या, एक गोरा प्रवासी उभा राहिला, म्हणून ड्रायव्हरने त्या अख्ख्या ओळीतल्या चौघांना उठायला सांगितलं. तिघं उठले.

म्हणजे रिपोर्ट अस्सल आहे आणि त्यातली मुख्य ओळ चुकीची आहे. दोन्ही एकाच वेळी खरं. मूळ कागद सापडला की काम झालं असं नवख्या माणसाला वाटतं, आणि मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. पण कागद आधी लिहिणाऱ्याची बाजू सांगतो, घडलेली गोष्ट त्यानंतर. कोणी लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून, कोणाला वाचायला, एवढं प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर लिहायची सवय लाव.

हे कागद ज्या खटल्यात जोडलेत त्याचं नाव ब्राउडर विरुद्ध गेल. १ फेब्रुवारी १९५६ ला दाखल झाला. बसमधला भेद याच खटल्याने संपवला, सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९५६ ला निकाल कायम केला. यातल्या वादींमध्ये रोझा पार्क्स नाहीत! ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डोनल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कोल्व्हिन अशी नावं आहेत. कोल्व्हिनला अटक झाली ती २ मार्च १९५५ ला, पार्क्स यांच्या नऊ महिने आधी. वय पंधरा. तिचं नाव तुझ्या मसुद्यात एकदाही नाही, कारण तू सर्चमध्ये ‘रोझा पार्क्स’ टाकत राहिलीस. सर्च आपल्याला माहीत असलेलंच नाव परत आणून देतो. खटल्याचं दप्तर उघडलंस तर जी नावं तू विचारलीच नव्हतीस ती समोर येतात.

तसंच एक पत्र आहे. मॉन्टगोमेरीच्या महिला राजकीय परिषदेच्या अध्यक्ष जो अॅन रॉबिन्सन यांनी महापौर गेल यांना लिहिलेलं. त्या लिहितात की बसमधली वागणूक सुधारली नाही तर शहरातल्या पंचवीस किंवा अधिक संस्थांमध्ये बसवर बहिष्कार टाकायचं बोलणं चालू आहे. तारीख बघ: २१ मे १९५४. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा ब्राउनचा निकाल १७ मेचा, त्यानंतर चारच दिवसांनी हे पत्र गेलंय, आणि पार्क्स यांच्या अटकेला अजून दीड वर्ष आहे. १ डिसेंबर १९५५ च्या रात्री याच रॉबिन्सनबाईंनी कॉलेजच्या मशीनवर बहिष्काराची हजारो पत्रकं छापली. एका रात्रीत एवढं उभं राहिलं, कारण तयारी आधीची होती. आणि ‘साधी दमलेली बाई’ १९४३ पासून काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेची सेक्रेटरी होती. म्हणून गद्याला हात घालण्यापूर्वी तारखांचा एक तक्ता कर. बाकी काही नको, तारीख, घटना, कागद. अर्ध्या दंतकथा त्या तक्त्यातच गळून पडतात.

शोधायच्या शब्दांबद्दल. तुला काही सापडलं नाही असं तू लिहिलंयस, ते खरं तर तुझ्या शब्दांमुळे. १९५५ च्या वर्तमानपत्रात ‘आफ्रिकन अमेरिकन’ हा शब्द तुला क्वचितच भेटेल. तिथे ‘नीग्रो’ आणि ‘कलर्ड’ आहे. टाइप करताना हात अडखळतो, अडखळू दे, पण त्याशिवाय दार उघडत नाही. ग्रंथालयाच्या जुन्या सूचीतही तेच. बायकांची नावं तर आणखी अवघड. कधी नवऱ्याच्या नावाखाली लपलेली असतात, आणि दक्षिणेतली गोरी वर्तमानपत्रं काळ्या बायकांच्या नावाआधी ‘मिसेस’ लावायचंच टाळत. हा मामला किती खोल होता ते बघायचं असेल तर मेरी हॅमिल्टन यांचा खटला वाच. अलाबामाच्या कोर्टात सरकारी वकील ‘मेरी’ म्हणून हाक मारत राहिला, त्यांनी ‘मिस हॅमिल्टन म्हणा’ असं सांगून उत्तर द्यायला नकार दिला, म्हणून शिक्षा झाली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. आणि हो, स्कॅन केलेल्या जुन्या पानांवर मशीन अक्षरं चुकीची वाचतं. नावाने नाही सापडलं तर तारखेने अंक उघड आणि पानं डोळ्यांनी चाळ. त्याच आठवड्याचं ‘शिकागो डिफेंडर’सारखं काळ्या समाजाचं पत्र शेजारी ठेवलंस तर एकाच घटनेच्या दोन बातम्या दिसतील.

ग्रंथपालांना पत्र लिहायला लाजू नकोस. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात लांबून विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देणारी माणसं आहेत. फक्त ‘नागरी हक्कांवर काय आहे?’ असं विचारू नकोस. ‘मॉन्टगोमेरी, १९५४ ते ५६, महिला परिषदेचा पत्रव्यवहार, सूची पाहिली, अमुक खोक्यापर्यंत पोचले, पुढे कुठे बघू?’ असं विचार. आधी संग्रहाची सूची वाचायची, म्हणजे कुठल्या खोक्यात कुठलं फोल्डर ते कळतं. रोझा पार्क्स यांची कागदपत्रं तिथेच आहेत, जवळजवळ साडेसात हजार कागद आणि अडीच हजार फोटो, बरंचसं ऑनलाइन. त्यात बँकेच्या पाकिटावर लिहिलेली पॅनकेकची कृतीही आहे, पीनट बटर घातलेली. ती तुझ्या लेखात लागणार नाही. तरी बघ. पुतळा झालेल्या बाईचं रोजचं अक्षर दिसतं.

विरोधकांची दप्तरंही सोडू नकोस. मिसिसिपी राज्याने १९५६ मध्ये ‘सॉव्हरिन्टी कमिशन’ नावाची संस्था काढली आणि तिच्यामार्फत चळवळीतल्या माणसांवर पाळत ठेवली. तिचे कागद २०२७ पर्यंत बंद ठेवायचं ठरलं होतं, पण कोर्टकज्जे होऊन १९९८ मध्ये ते खुले झाले. आता एक लाखाहून जास्त पानं ऑनलाइन आहेत. कोण कधी कुठल्या सभेला आलं, गाडीचा नंबर काय, असलं सगळं खबऱ्यांनी टिपून ठेवलंय, त्यामुळे तारखांसाठी हे दप्तर सोन्यासारखं आहे. चारित्र्याबद्दल मात्र त्यातलं अक्षरही दुसऱ्या पुराव्याशिवाय उचलू नकोस. ज्यांना बदनाम करायला ते लिहिलं, त्यांची बदनामी आपण साठ वर्षांनी पूर्ण करायची नाही.

मुलाखतींचं उलट असतं, तिथे माणूस प्रामाणिक असतो आणि आठवण सरकते. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि स्मिथसोनियन ही संग्रहालयांची संस्था यांनी मिळून केलेल्या चळवळीतल्या माणसांच्या मुलाखती ऐक. नुसती उतरवलेली प्रत वाचू नकोस, मध्ये थांबलेला आवाज कागदावर येत नाही. तारीख मात्र कागदावरूनच घे.

तू शेवटी विचारलंयस, इतक्या लांबून आपण हे का करायचं. याचं उत्तर मी देण्यापेक्षा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्टमधल्या ग्रंथालयात ठेवलेलं एक पत्र उघड. १९४६ च्या जुलैमध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना ते लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं वाचनात आलंय, त्याच्या दोन-तीन प्रती मिळतील का, अशी विचारणा आहे. म्हणजे चक्क कागद मागवलाय. ड्यू बॉईस यांनी ३१ जुलैला उत्तर दिलं. दोन्ही पत्रं स्कॅन झालेली आहेत.

पुढच्या आठवड्यात पूर्ण लेख पाठवू नकोस. फक्त तारखांचा तक्ता आणि बसच्या आराखड्याबद्दल एक परिच्छेद पाठव. सीट मात्र स्वतः मोज, माझ्या पत्रातून उतरवून घेऊ नकोस. माझी मोजणी चुकली असेल तर कळव.

तुझा,
तोच पेन्सिलवाला