डाँकी काँगमध्ये गुण कसे वाढवावेत?

प्रश्न : मी सुट्टीत ‘डाँकी काँग’ हा जुना खेळ खेळतो. पहिला पडदा झटपट पार करूनही गुण कमीच का राहतात?
– एक विद्यार्थी वाचक, परभणी

उत्तर : आपली घाई हेच त्याचे कारण आहे. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८१ मधील या खेळात वरून गोरिला पिंपे गडगडत सोडतो आणि ती चुकवत आपल्याला शिड्या चढून वर जायचे असते. पडदा म्हणजे खेळातील एक टप्पा; काही पडदे मिळून एक पातळी होते. २२ व्या पातळीवर आज्ञावलीतील दोषामुळे वेळ इतका अपुरा मिळतो, की पुढे जाताच येत नाही. म्हणजे पडद्यांची संख्या मर्यादित असल्याने प्रत्येक पडद्यावर किती गुण वेचले, यावरच उच्चांक ठरतो. पहिल्या पातळीवर ५००० पासून वेळेबरोबर उतरत जाणारे बोनस गुण वाचवण्यापेक्षा तेवढ्या वेळात पिंपे फोडून अधिक मिळवता येतात. एका पिंपावरून उडी मारल्यास १००, तर हातोड्याने पिंप फोडल्यास किमान ३०० गुण पडतात. मात्र हातोडा हाती असताना शिडी चढता येत नाही आणि उडीही मारता येत नाही, त्यामुळे पिंपे दाटीने येताना दिसल्यावरच तो घ्यावा. माझ्या मते नवख्याने आधी शिड्यांवरून उतरणाऱ्या पिंपांचा अंदाज घेण्याचाच सराव करावा, कारण बहुतेक जीव तिथेच जातात.