अलाइनमेंट दोनदा करूनही गाडी डावीकडे ओढते, सस्पेन्शनमध्ये काय ॲडजस्ट करून घ्यावं?

अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) प्रिंटवर सगळे आकडे हिरवे आहेत आणि तरी स्टीयरिंग सोडलं की गाडी डावीकडे जाते, असं तुम्ही लिहिलंय. त्या हिरव्या रंगावर विसंबू नका. प्रत्येक चाक कंपनीच्या मर्यादेत बसतंय, एवढंच तो सांगतो. गाडी ओढते ती डाव्या-उजव्यातल्या फरकामुळे.

पण पाना उचलायच्या आधी सगळ्या टायरमध्ये हवा नीट भरा आणि पुढचे दोन टायर आपसात बदला. टायरवर दिशेचा बाण असेल, तर त्याच बाजूचे पुढचे-मागचे बदला. मग सपाट रस्त्यावर चालवून बघा, कारण कडेला उतार असलेल्या रस्त्यावर चांगली गाडीही उताराकडे सरकते. ओढ बाजू बदलली किंवा गेली, तर दोष टायरचा. आतला पट्टा जरासा सरकलेला रेडियल टायर बाहेरून अगदी चांगला दिसतो आणि तरी गाडी ओढतो. अशा वेळी सस्पेन्शनला हात लावू देऊ नका. फक्त ब्रेक मारताना ओढत असेल, तर आधी कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तपासा.

टायर निर्दोष निघाले, तर गाडी उचलून लोअर आर्मचे (चाक खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी जोड, आणि बॉल जॉइंट, म्हणजे फिरणारा सांधा, बघायला सांगा. फाटका बुश तसाच ठेवून केलेली ॲडजस्टमेंट म्हणजे पैसे पाण्यात. गाडी उभी असताना मोजलेला आकडा चालताना टिकतच नाही.

आता प्रिंट घ्या. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा कल: वरचा भाग बाहेर झुकला तर पॉझिटिव्ह म्हणजे अधिक, आत झुकला तर उणे. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं, त्याचा बाजूने बघताना मागे असलेला कल. गाडी ओढते ती जिकडे कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह तिकडे, आणि जिकडे कॅस्टर कमी तिकडे. समजा कॅम्बरची मर्यादा उणे ०.७५ ते अधिक ०.७५ अंश आहे. डावीकडे कॅम्बर अधिक ०.४, उजवीकडे उणे ०.४. दोन्ही हिरवे, पण फरक ०.८ अंशांचा! हा फरक ०.५ च्या आत असावा, असं साधारणपणे धरतात. पुढच्या चाकांचा टो (वरून बघताना चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) मात्र दोन्हीकडे आपोआप सारखा वाटला जातो. तो बिघडला की स्टीयरिंग वाकडं राहतं, टायर झिजतात, पण ओढ सहसा त्याची नसते. आणि बहुतेक ठिकाणी अलाइनमेंट म्हणून फक्त टोच सेट करतात, म्हणून दोनदा करूनही तुम्हाला फरक पडला नसावा.

पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा एकत्र खांब) असलेल्या गाडीत स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणारे दोन बोल्ट असतात. भोकं लांबट असतील किंवा कंपनी कॅम बोल्ट (फिरवला की चाकाचा कल बदलतो असा बोल्ट) देत असेल, तर ते सैल करून डाव्या चाकाचा वरचा भाग किंचित आत घेता येतो. ही सोय नसेल तर सबफ्रेम (दोन्ही लोअर आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) सरकवून बघतात. सबफ्रेम उजवीकडून डावीकडे सरकवली की डावा कॅम्बर उणे होत जातो आणि उजवा तेवढाच अधिक. एका हालचालीत दोन्हीकडचा फरक भरून निघतो, म्हणून मला हा उपाय फार आवडतो. कॅस्टर बऱ्याच गाड्यांत ॲडजस्टच होत नाही. तो बराच कमी दिसला, तर लोअर आर्म किंवा स्ट्रट वाकलाय का ते शोधायला सांगा, विशेषतः गाडी खड्ड्यात जोरात आपटली असेल तर.

काम झाल्यावर बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळून घ्या. कॅम्बर हलला की टोही हलतो, त्यामुळे टो सगळ्यात शेवटी, स्टीयरिंग सरळ लॉक करून. आणि नवीन प्रिंटवर आधी डाव्या-उजव्यातला फरक वाचा.