‘ही सेड’नंतर ‘इज’ की ‘वॉज’?

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या चोपड्याच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे, की भुसावळ स्थानकावर चौकशीच्या खिडकीतून ‘द ट्रेन इज लेट’ असे उत्तर मिळाले आणि ते घरी इंग्रजीत कळवायचे झाले, तर ‘ही सेड दॅट द ट्रेन वॉज लेट’ लिहावे की ‘इज लेट’? गाडी तर अजून आलेलीच नाही.

गाडी आलेली नसेल, तर दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. येऊन गेली असेल, तर ‘वॉज’च हवे. आपला गोंधळ होतो, कारण मराठीत मूळ बोलणाऱ्याचा काळ जसाच्या तसा राहतो. ‘गाडी लेट आहे असे तो म्हणाला’ हे वाक्य वर्षभराने सांगितले तरी त्यातला ‘आहे’ हलत नाही, आणि अहिराणीतल्या ‘त्यानी सांगं, मी येस’ या निरोपातही येणाऱ्याचा वर्तमानकाळ तसाच असतो. इंग्रजीत मात्र काळ ठरतो तो सांगणारा आज कुठे उभा आहे यावरून, म्हणून ‘सेड’ भूतकाळी असले की त्यामागचे क्रियापदही सहसा भूतकाळात जाते. ‘सेज’ असेल, तर काहीच बदलत नाही.

मग ‘इज’ केव्हा ठेवावा? सावद्याचा व्यापारी सकाळी केळीला भाव चांगला असल्याचे म्हणाला, असे समजू. ‘द ट्रेडर सेड दॅट द रेट इज गुड’ असे लिहिणारा शेतकरी भाव अजून टिकून असल्याची हमी जणू स्वतःही देतो. ‘वॉज गुड’ लिहिणारा फक्त व्यापाऱ्याचे म्हणणे पोचवतो. ‘वॉज’ म्हणजे भाव पडला, असा अर्थ अनेक विद्यार्थी काढतात, तो बरोबर नाही. ‘वॉज’ त्याविषयी काहीच सांगत नाही. दुपारी भाव खरोखरच पडला असेल आणि तरीही ‘इज’ लिहिले, तर मात्र ती चुकीची खबर ठरेल.

‘हॅड’ विचारपूर्वक वापरावे. ‘शी सेड दॅट शी लिव्ड इन धुळे’ हे वाक्य वाचणारा, ती बोलली त्या वेळी धुळ्यातच राहत होती, असे समजेल. पूर्वी कधीतरी राहत होती असे म्हणायचे असेल, तर ‘हॅड लिव्ड’ लिहावे. पण ‘शी सेड दॅट शी पास्ड हर बीए इन 2019’ यात सालामुळे क्रम आधीच स्पष्ट आहे, तेव्हा ‘हॅड’ ऐच्छिक. ‘विल’चे ‘वुड’ होते, मात्र सांगितलेली गोष्ट अजून घडायची असेल, तर ‘विल’ही चालते.

सार्वकालिक सत्याचा काळ बदलू नये, हा शालेय नियम मला फाजील कडक वाटतो. ‘द टीचर सेड दॅट द तापी फ्लोज इनटू द अरेबियन सी’ हे उत्तमच, पण ‘फ्लोड’ लिहिल्याने तापीने दिशा बदलली असे कोणी समजणार नाही. तरीही परीक्षेत उत्तरतालिका याच नियमाने तपासते, म्हणून तिथे अशा वाक्यांत ‘फ्लोज’ आणि गाडीच्या वाक्यात ‘वॉज’ लिहावे.