सेव्हियात ऊन उतरतं तरी कधी?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको (वय 61 आणि 57) जुलैच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस स्पेनमधल्या सेव्हियात आहोत. नागपूरचे असल्याने उन्हाची सवय आहे. दुपारी हॉटेलात आराम करून चारला फिरायला निघावं, असा बेत आहे. जमेल का?

उत्तर : चारला निघू नका. सेव्हिया लंडनच्याही पश्चिमेला आहे, पण घड्याळ बर्लिनचं, शिवाय उन्हाळ्यात ते आणखी एक तास पुढे. त्यामुळे तिथे जुलैत सूर्य डोक्यावर येतो तोच अडीचच्या सुमारास. तिथले चार म्हणजे नागपूरचे पावणेदोन! पारा सगळ्यात वर चढतो संध्याकाळी पाच ते सातमध्ये, चाळिशीपार जाणंही नवलाचं नाही, आणि सूर्य मावळतो पावणेदहाला.

सवयीच्या भरवशावरही राहू नका. शरीराला लागलेली उन्हाची सवय दोन-तीन आठवड्यांत ओसरते, आणि तुम्ही निघाल तोवर विदर्भात पाऊस सुरू झालेला असेल.

म्हणून सकाळी आठला बाहेर पडा. पहिल्यांदा प्लाझा दे एस्पान्या. 1929च्या प्रदर्शनासाठी बांधलेला हा चौक उघडा आहे, फरशी तापली की तिथे थांबवत नाही. सावली हवी तर समोरच मारिया लुइसा उद्यान. अल्काझार राजवाड्याची साडेनऊची वेळ दुसऱ्या दिवशी घ्या. तिकीट नावानिशी आणि ठरावीक वेळेचं असतं, जुलैत आधीच संपतं. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. कॅथीड्रल दुपारकडे ठेवलं तरी चालेल, दगडी भिंतींच्या आत गारवा असतो. तिथल्या हिराल्दा मनोऱ्यात जवळपास वरपर्यंत पायऱ्यांऐवजी 35 रॅम्प आहेत, त्यामुळे गुडघ्यांना त्रास कमी. मात्र वर वारा नसला तर घुसमटतं, तेव्हा मनोरा चढायचा असेल तर कॅथीड्रलला सकाळीच जा.

अडीच ते साडेआठ खोलीत. खोली घेताना ‘एसी खोलीतच आहे ना’ हे विचारा, आणि गच्चीखालची खोली टाळा. तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो. ऊन येण्याआधीच खिडकीबाहेरचे पट्ट्यांचे पडदे, म्हणजे पेर्सियाना, खाली ओढा. आतला पडदा लावून भागत नाही, कारण तोवर काच तापून उष्णता आत आलेली असते. नऊनंतर त्रियाना पुलाकडे नदीकाठी जा. सगळं गाव तेव्हाच बाहेर पडतं.

प्रश्न : पाणी किती प्यायचं? रक्तदाबाची गोळी चालू आहे.

उत्तर : हवा कोरडी असल्याने घाम लगेच उडतो, कपडे भिजत नाहीत, म्हणून शरीरातलं पाणी कमी झाल्याचं कळत नाही. तहानेची वाट न बघता घोट-घोट पीत राहा. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरून घ्या. ओआरएसच्या पुड्या घरूनच न्या. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा). मीठ जास्त झालं तर अपायच, म्हणून अंदाजाने टाकू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. उन्हाळी प्रवासाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, गोळी मनानेच बंद करू नका. अंग तापून बोलणं असंबद्ध झालं तर उष्माघात समजा: 112ला फोन, सावली, अंगावर पाणी आणि वारा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत.

उत्तर : नुसतं ‘वेखेतारियानो’ म्हणू नका, सॅलडवर टूना येतो. ‘नी कार्ने, नी पेस्कादो’ म्हणा, म्हणजे मांसही नको, मासेही नकोत. साल्मोरेखो हे टोमॅटोचं गार, दाट सूप उन्हात फार बरं वाटतं, पण वर हॅमचे तुकडे आणि उकडलेलं अंडं घालतात: ‘सिन हामोन, सिन उएवो’ म्हणा, म्हणजे हॅम नको, अंडं नको. पालक आणि काबुली चण्याची ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ जिऱ्याच्या वासाने ओळखीची वाटेल. बरीच स्वयंपाकघरं चार ते आठ बंद असतात, तेव्हा खोलीत फळं, दही, पाव आणून ठेवा.